लोलिता ड्रेस: अस्सल आणि रेप्लिका यांतला फरक कुठे पाहायचा

जपानी लोलिता फॅशनचा ड्रेस ऑनलाइन शोधायला बसलं की थोड्याच वेळात एकाच ड्रेसचे दोन भाव समोर येतात. टोकियोतल्या ब्रँडच्या साइटवर 35,000 येन, म्हणजे आपल्याकडचे साधारण 20,000 रुपये. दुसऱ्या एखाद्या साइटवर तोच फोटो, तीच नक्षी, तोच गुलाबी रंग, आणि किंमत पाच हजार. कुणाला वाटतं ब्रँड नुसत्या नावाचे पैसे घेतोय, कुणाला वाटतं दुसरा सरळसरळ फसवतोय. दोन्ही अंदाज अर्धवट आहेत. नीट समजून घ्यायचं तर हा ड्रेस तयार कसा होतो, तिथून सुरुवात करायला हवी.

ज्यांना ही फॅशन नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. गुडघ्यापर्यंत येणारा घंटेच्या आकाराचा घेर, तो फुलवून धरणारा आतला कॅनकॅन, बंद गळ्याचा ब्लाउज, भरपूर लेस, बो, लांब मोजे आणि डोक्यावर हेअरबँड किंवा बॉनेट. व्हिक्टोरियन आणि रोकोको काळातल्या युरोपीय पोशाखांवरून, तिथल्या लहान मुलींच्या जुन्या फ्रॉकांवरून जपानी तरुणींनी ही शैली घडवली. नाव ऐकून एक वादग्रस्त कादंबरी आठवते खरी, पण हे कपडे अंगभर आणि शालीन असतात आणि ते घालणारीच्या स्वतःच्या हौसेसाठी असतात.

मिल्क आणि पिंक हाऊस या 1970 च्या दशकातल्या जपानी ब्रँडांनी पाया घातला. 1979 मध्ये 'प्रिटी' नावाने सुरू झालेल्या दुकानातून पुढे 'अँजेलिक प्रिटी' उभा राहिला. 1988 मध्ये 'बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट' आला, 1993 मध्ये ओसाकातून 'मेटामॉर्फोझ', आणि 1999 मध्ये मालिस मिझेर या बँडचा गिटारवादक माना याने काळ्या-निळ्या गॉथिक वळणाचा 'मोआ-मेम-मोआतिए' काढला. टोकियोतला हाराजुकू हा भाग या सगळ्याचं माहेर. 2009 मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने आओकी मिसाको या लोलिता मॉडेलला आपली सांस्कृतिक दूत नेमलं, इतकी ही शैली तोवर मान्य झाली होती.

किंमत नेमकी कशाची

हे ब्रँड बाजारातून छापील कापडाचे तागे आणून फ्रॉक शिवत बसत नाहीत. त्यांचे गाजलेले बहुतेक ड्रेस एका चित्रापासून सुरू होतात, आणि ते चित्र त्या ड्रेससाठीच काढलेलं असतं. अँजेलिक प्रिटीच्या माकी आणि आसुका या डिझायनरांची नावं चाहत्यांना तोंडपाठ झाली ती याचमुळे. इमाई किरा यांच्यासारख्या चित्रकाराने केलेली प्रिंट लोक वर्षानुवर्षं शोधत राहतात. प्रत्येक प्रिंटला नाव असतं. एकच प्रिंट बिनबाह्यांच्या ड्रेसमध्ये, बाह्यांच्या ड्रेसमध्ये आणि स्कर्टमध्ये येते, तीन-चार ठरावीक रंगांत, जोडीला त्याच नक्षीचे मोजे आणि हेअरबँड. बिनबाह्यांच्या ड्रेसला चाहते जेएसके म्हणतात, बाह्या असलेल्याला ओपी.

यातल्या कितीतरी प्रिंट काठाच्या असतात. घेराच्या खालच्या बाजूला मोठं, भरगच्च चित्र आणि वर कंबरेकडे जाताना ते विरळ होत जातं. काठ सरळ रेषेत छापलेला असल्यामुळे घेर कळ्यांचा कापता येत नाही. सरळ पट्टा घेऊन वर चुण्या घालाव्या लागतात. मग चुण्यांत चित्राचा किती भाग गडप होईल, कॅनकॅनवर घेर फुलला की समोर नेमकं काय दिसेल, चोळीच्या मधोमध कुठला आकार यायला हवा, हे सगळं कापड छापायच्या आधी ठरवावं लागतं. त्यात कापड वायाही बरंच जातं.

मोआ-मेम-मोआतिएची 'आयर्न गेट' ही प्रिंट घ्या. घेराच्या काठाने लोखंडी फाटकाची नक्षी फिरलेली आहे. फाटकाचे गज उभे आणि एकसारख्या अंतरावर. बाजूच्या शिवणीवर अर्धा इंच इकडचा तिकडे झाला तर फाटक मोडल्यासारखं दिसतं. फुलाफुलांच्या कापडात अशी चूक लपून जाते, इथे ती लांबूनही दिसते. म्हणून असा ड्रेस पारखताना मी आधी उलटा करून बाजूची शिवण पाहीन, लेबल नंतर.

चित्र, त्या चित्राचं कापड, त्या कापडाबेतानं कटिंग, थोड्या संख्येत शिवणकाम आणि टोकियोतल्या दुकानाचा खर्च, असे ते 35,000 येन होतात. त्यात ब्रँडच्या नावाचा वाटा नाही असं मी म्हणणार नाही. पण नाव मोठं झालं ते या चित्रांमुळेच.

रेप्लिका कशाला म्हणायचं

रेप्लिका करणाऱ्याला यातलं चित्र आयतं मिळतं. मूळ ड्रेस विकत घेऊन त्याची नक्षी स्कॅन करायची, तेही जमत नसेल तर ब्रँडच्या फोटोवरून ती पुन्हा काढायची, बहुतेक वेळा पॉलिएस्टरवर डिजिटल छपाई करायची आणि साधारण त्याच बेतात शिवायचं. डिझायनरचा मोबदला नाही, फसलेल्या नमुन्यांचा खर्च नाही, प्रिंट चालेल की पडून राहील ही धाकधूकही नाही, कारण ती चाललेली आहे हे आधीच माहीत असतं. भाव चौथाईवर येतो तो असा.

सगळ्या स्वस्त ड्रेसांना मात्र रेप्लिका म्हणून चालणार नाही, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. प्रिंट आणि बेत दोन्ही उचललेले, पण लेबल नसलेले किंवा शिवणाऱ्याच्या स्वतःच्या लेबलचे, ते रेप्लिका. त्यावर ब्रँडचं खोटं लेबलही शिवलं की तो बनावट माल. ब्रँडचा फोटो लावून भलतंच काहीतरी पाठवणारे तिसरे. त्यांच्याकडून येतं ते चकचकीत सॅटिनचं, गॅदरिंगच्या नाटकातल्या परीला घालतात तसलं काहीतरी, आणि त्याला नक्कल म्हणायचीही सोय नसते.

यांच्यापलीकडे स्वतःची प्रिंट स्वतः काढणारे छोटे ब्रँड आहेत. चीनमधले इन्फान्टा, क्राड लॅनरेट, सरफेस स्पेल, कोरियातला हाएनुली. त्यांचे ड्रेस जपानी ब्रँडांपेक्षा बरेचदा स्वस्त असतात, पण ते पूर्णपणे अस्सल आहेत. ताओबाओ या चिनी ऑनलाइन बाजारावर आहे म्हणजे नक्कलच असणार, ही समजूत सोडून द्यायला हवी. चीनमधल्या लोलिता चाहत्यांमध्ये तर नकलेविषयीची नाराजी फार तीव्र आहे, कारण नकलेची झळ त्यांच्याच देशातल्या तरुण डिझायनरांना बसते.

घंटेसारखा घेर, लेस, बो, छातीवरच्या चुण्या यांवर मालकी कुणाचीच नाही. पैठणीवरचा मोर किंवा पोपट कुणा एका विणकराचा नसतो, पिढ्यान्‌पिढ्या सगळेच तो विणत आलेत, तसंच हे आहे. तुम्ही त्याच घाटाचा ड्रेस शिवलात तर ती चोरी होत नाही. पण प्रिंटमधला अमुक फिरता घोडा, त्याच्या मानेवरची तमुक रिबन, मागचा तो ठरावीक चांदण्यांचा पट्टा हे एका माणसाने बसून काढलेलं असतं. रेप्लिकाचा सगळा प्रश्न या चित्रापाशी आहे. शिवण किती चांगली आणि कापड किती भारी हे त्यानंतर.

ड्रेस हातात आल्यावर

चित्र अगदी जवळून पाहा. अस्सल छपाईत बारीक रेघा काठापर्यंत स्वच्छ राहतात, केकवरच्या क्रीमचं टोक टोकदार दिसतं. स्कॅनवरून केलेल्या छपाईत त्याच रेघा किंचित फुगतात आणि दोन रंग भेटतात तिथे धूसर कड येते. प्रिंटमध्ये अक्षरं असतील तर आधी तिथेच जा. ब्रँडांच्या प्रिंटमध्ये फ्रेंच किंवा इंग्रजी शब्द पुष्कळ असतात, आणि हाताने पुन्हा काढलेल्या नकलेत ती अक्षरं नुसती वेलबुट्टी होऊन जातात. मग चित्राचा आकार पाहा. नकलेत तो बरेचदा लहान-मोठा झालेला असतो. मूळ फोटोत काठापासून वरच्या रांगेपर्यंत स्ट्रॉबेरीच्या तीन ओळी आणि हातातल्या ड्रेसमध्ये दोनच, तर आणखी कसला पुरावा हवा?

मूळ फोटो कुठे मिळणार? लोलायब्ररी नावाचा एक मोठा ऑनलाइन संग्रह आहे. ब्रँड, प्रिंटचं नाव, कोणत्या वर्षी आली, कोणत्या रंगांत आली आणि मापं काय होती, ही माहिती तिथे ड्रेसवार नोंदलेली असते. रंगांची यादी फार उपयोगी पडते. ब्रँडने एखादी प्रिंट गुलाबी, फिकी निळी, काळी आणि ऑफ-व्हाइट अशी चारच रंगांत काढली असेल आणि तुमच्यासमोर जांभळी असेल, तर भिंग काढायची गरज नाही.

लेसला हात लावून पाहा. चांगल्या ब्रँडच्या ड्रेसला सुती क्रोशासारखी दिसणारी जाड लेस असते, नाहीतर नेटवर भरतकाम केलेली. ती बोटांना मऊ लागते आणि तिच्या कडा सुटत नाहीत. स्वस्त नायलॉनची लेस चमकते, मानेला टोचते, आणि दोन-तीन धुण्यांत तिचे धागे लोंबायला लागतात. अर्थात ब्रँडच्या वीस वर्षांपूर्वीच्या लेसही पिवळ्या पडतात. पांढऱ्यावर काळी किंवा लाल नक्षी असलेले अस्सल ड्रेस धुताना रंग सोडतात. ब्रँडचा माल म्हणजे निर्दोष, असं अजिबात नाही.

कापडावरून निवाडा करू नका, हे मला ठासून सांगायचं आहे. सुती म्हणजे अस्सल आणि पॉलिएस्टर म्हणजे नकली हा ठोकताळा पार चुकीचा आहे. शिफॉन आणि जॉर्जेटचे, म्हणजे पॉलिएस्टरचेच, कितीतरी ड्रेस ब्रँडांनी स्वतः काढलेत.

आतली बाजू बरंच काही बोलते. अस्तर घेरापर्यंत पोचतं का, शिवणीच्या कडा नीट इंटरलॉक केल्यात का, पाठीवरच्या इलॅस्टिकच्या ओळी एकसारख्या अंतरावर आहेत का, चेन काठाशी न दुमडता बसते का. कंबरेचे बंद आणि छातीवरचा बो अनेक अस्सल ड्रेसांत बटणाने किंवा पिनेने काढता येतात, कारण ते धुताना वेगळे ठेवायचे असतात. नकलेत वेळ वाचवण्यासाठी ते थेट शिवून टाकलेले सापडतात. पण एकट्या शिवणकामावरही भरवसा ठेवू नका. सुबक शिवलेल्या रेप्लिका असतात.

आता लेबल. ब्रँडचं लेबल छापून घेणं सोपं असतं, त्यामुळे बाजूच्या शिवणीतलं धुण्याच्या सूचनांचं लेबल शोधा. जपानात 1962 पासून कायदाच आहे की कपड्यावर कोणता धागा किती टक्के आहे, धुवायचं कसं आणि जबाबदार कंपनी कोणती, हे लिहिलंच पाहिजे. शिवाय धुण्याची चिन्हं 1 डिसेंबर 2016 पासून बदलली. त्याआधीच्या लेबलवर वॉशिंग मशीनचं चित्र, त्यात पाण्याच्या तापमानाचा आकडा, आणि ड्राय क्लीनच्या वर्तुळात चक्क जपानी अक्षरं असत. नव्या चिन्हांत पाण्याची घमेली आणि पी किंवा एफ लिहिलेली वर्तुळं आहेत. कुणी 2008 चा ड्रेस म्हणून विकत असेल आणि लेबलवर नवी चिन्हं असतील तर प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर सरळही असू शकतं, कारण ब्रँड लोकप्रिय प्रिंट काही वर्षांनी पुन्हा काढतात आणि पुनरावृत्ती ही अस्सलच. पण मग विकणाऱ्याने तसं सांगायला हवं. आणि लेबल कापलेलं असेल तर एवढ्यावरून ड्रेस खोटा ठरवू नका, मानेला टोचतं म्हणून लोक ते कापतात.

खरी अडचण सेकंडहँड बाजारात होते. पहिली ग्राहक रेप्लिका म्हणूनच घेते. ती दुसरीला विकते तेव्हा "बहुतेक रेप्लिका" असं लिहिते. तिसऱ्या वेळी नुसता ब्रँडचा टॅग लागतो आणि चौथी ग्राहक अस्सलचे पैसे मोजते. लबाडी कुणी एकीने केली असं म्हणता येत नाही, पण पैसे चौथीचे बुडतात. म्हणून वापरलेला ड्रेस घेताना पाठीचा, आतल्या शिवणीचा आणि दोन्ही लेबलांचा आजच्या तारखेचा फोटो मागायचा. ब्रँडच्या जाहिरातीतला फोटो पाठवला तर तिथेच थांबायचं. स्वतःकडची रेप्लिका विकायची असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा.

कायदा

जपानच्या अनुचित स्पर्धा प्रतिबंधक कायद्यात दुसऱ्याच्या मालाचं रूप जसंच्या तसं उचलायला मनाई आहे. पण हे संरक्षण तो माल जपानात पहिल्यांदा विक्रीला आल्यापासून तीनच वर्षं टिकतं. चित्रावर कॉपीराइटचा दावा वेगळा करता येतो. अमेरिकेत 2017 मध्ये चिअरलीडरांच्या गणवेशावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कपड्यापासून वेगळी कल्पिता येणारी नक्षी कॉपीराइटला पात्र ठरू शकते. कपड्याच्या घाटाला मात्र ते संरक्षण नाही.

आपल्याकडची तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 नुसार, डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी पण न नोंदवलेली नक्षी मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने यंत्राने 50 पेक्षा जास्त वेळा वस्तूंवर उतरवली की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी केली तर 2000 च्या डिझाइन कायद्याखाली 10 वर्षं आणि वाढवून आणखी 5 वर्षं संरक्षण मिळतं. मुंबई-पुण्यात स्वतःच्या प्रिंट काढून कपडे विकणाऱ्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावं. लोलिता ब्रँडांपुरतं बोलायचं तर दुसऱ्या देशातल्या कारखान्यामागे वकील लावणं त्यांना परवडण्यासारखं नाही, म्हणून नकला उघड विकल्या जातात.

पाच हजारांत काय येतं

रेप्लिका घेणाऱ्या मुलींना हिणवणं मला पटत नाही. कॉलेजातल्या मुलीला 20,000 रुपयांचा ड्रेस कुठून परवडणार? पण तिला कुणीतरी सांगायला हवं की वापरलेला अस्सल ड्रेस बरेचदा रेप्लिकाच्याच भावात मिळतो. टोकियोतल्या क्लोजेट चाइल्डसारख्या सेकंडहँड दुकानांत किंवा वुंडरवेल्टच्या साइटवर 8,000 ते 15,000 येनमध्ये, म्हणजे 4,500 ते 8,500 रुपयांत, चांगल्या अवस्थेतले ड्रेस असतात. ज्या प्रिंटवर सगळ्यांच्या उड्या पडतात त्या सोडून जरा आडबाजूच्या, साध्या रंगाच्या किंवा छोट्या फुलांच्या ड्रेसकडे वळलं की भाव खाली येतो. जे दुकान भारतात पाठवत नाही तिथला माल बायी किंवा टेन्सोसारख्या मध्यस्थ सेवेतून मागवता येतो. त्यावर टपालखर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी लागतं, ते धरूनच हिशेब करा, नाहीतर पार्सल दारात आल्यावर जीव वरखाली होतो.

रेप्लिकेकडे लोक वळतात त्याचं दुसरं कारण माप आहे, आणि ते खरंखुरं कारण आहे. जपानी ब्रँडांचे बरेचसे ड्रेस एकाच मापात येतात आणि कंबर 70 सेंटिमीटरच्या आसपास असते. पाठीला इलॅस्टिक असेल तर थोडी सूट मिळते, नसेल तर आपल्याकडच्या कितीतरी जणींना तो अंगात जाणारच नाही. रेप्लिका शिवणारे मापं मागून घेतात. पण तेच काम वर उल्लेख केलेले अनेक स्वतंत्र ब्रँडही करतात, एकापेक्षा जास्त मापं देतात. त्यामुळे अंगाला बसणारा ड्रेस हवा म्हणून नकलेशिवाय पर्याय नाही, असं आता राहिलेलं नाही.

आणि मला मनापासून आवडणारा रस्ता म्हणजे शिवून घेणं. ही फॅशन घरच्या शिलाई मशीनवर वाढलेली आहे. 2001 मध्ये सुरू झालेल्या 'गॉथिक अँड लोलिता बायबल' या नियतकालिकात कपड्यांचे कटिंगचे नमुने छापून येत, ते पाहून मुली स्वतः शिवत. मंगलदास मार्केटमधलं सुती कापड, क्रॉफर्ड मार्केटमधली सुती लेस आणि लेहंगे शिवायची सवय असलेला मास्तर असेल तर मुंबईत साधा एकरंगी जेएसके उत्तम होतो. घेरासाठी कंबरेच्या तिप्पट तरी कापड घ्या. लेस सुती असेल तर आधी भिजवून वाळवा, पहिल्या धुण्यात ती आटते आणि काठ गोळा होतो. माप द्यायला जाताना कॅनकॅन घालूनच जा. तो फुलला की घेर चांगला दोन-तीन इंच वर उचलला जातो, आणि गुडघ्याखाली मोजलेला ड्रेस गुडघ्याच्या वर येऊन बसतो.